वाळक्या पानाची घडी

जांभळी नाक्यावर चार खुंट घेतले केळीचे,
शंभरला चार, येऊरच्या यसूबाई दुमाडाकडून.
पहाटेच तोडलेले, बुंध्यातून अजून पाणी गळत होतं.
एकाला वाळकं पान लोंबत होतं, आतल्या आत गुंडाळलेलं.
म्हटलं, हे काढून द्या की.
तिच्यापुढे सात गिऱ्हाइकं.
घरी जाऊन वढ, म्हणाली, आपसूक निघंल.

घरी जाऊन राहून गेलं.

वाघबीळ, बाविसावा मजला.
वाघ नाही, बीळ नाही, बसवरच्या पाटीवर नाव तेवढं आहे.
वॉचमन म्हणाला, खुंट या लिफ्टमधून नको, चीक गळतो,
मग गाद्या आणि फ्रिज जातात त्या लिफ्टने वर.
सुतळीने चौरंगाच्या चार पायांना बांधले.
सासूबाई म्हणाल्या, ते वाळकं बरं दिसत नाही, कापा.
कात्री सापडेना.

छत्रेगुरुजींना सात वाजता दुसरीकडे पूजा होती.
तीन अध्याय भराभर झाले.
ऐकत कुणी नव्हतं. मी शिऱ्याच्या वाट्या मोजत होते.
चौथ्या अध्यायात नाव आली,
नावेत काय आहे, असं विचारणं झालं,
पालापाचोळा, असं उत्तर झालं,
आणि बाहेर दिवेलागण होता होता
पान हललं.

शाल्मली म्हणाली, आई, फुलपाखरू.
नारिंगी. झेंडूचा नव्हे,
राख फुंकल्यावर खालून दिसतो तो नारिंगी.
पंख काळे, आणि पंखांतल्या बोटाबोटावरून तोच विस्तव ओढलेला.
सगळं मिळून माझ्या अंगठ्याएवढं. उलटं.
कान पुढे वळलेले, केळीच्या पोंग्यासारखे.
तोंड उघडून ते ओरडत होतं.
आम्हाला कुणालाच काही ऐकू आलं नाही.

मग माणसांचा आवाज.
वन्सं पदर डोक्यावर घेऊन किंचाळल्या, केसांत घुसतं!
भावजींनी डास मारायची रॅकेट उचलली, बटण दाबून पाहिलं.
भाच्याने फोनवर शोधलं :
हे काचेखाली चौकटीत घालून विकतात म्हणे, भिंतीला लावायला.
त्याने आकडा सांगितला.
आख्ख्या घराला त्याच्याविषयी तेवढंच कळलं, किंमत.
गुरुजी डोळे न उघडता म्हणाले,
आधी आरती होऊ द्या.

आरतीत कात्री सापडली, तबकाखाली.

उशीच्या अभ्र्यात पान, अभ्रा पिशवीत,
पिशवी स्कूटरच्या हुकाला नको, गळ्यात.
उपवनच्या पुढे चढ लागतो, तिथे चौकी.
इतक्या उशिरा कुठे? पिशवीत काय आहे?
मी म्हणून गेले,
पालापाचोळा.

त्यानंतर आख्खा चढ मला एकच भीती,
की उघडेन तेव्हा खरोखर तेवढंच असेल.
वजन लागतच नव्हतं. रिकामी पिशवीही तितकीच जड असते.
दोनदा थांबले. दोनदा अभ्र्यावर नुसता हात ठेवला.
आत काहीतरी होतं, किंवा माझीच नाडी.

यसूबाई भांडी घासत होती, राखेचे हात तसेच घेऊन उठली.
अभ्रा उघडला, वाकली, आणि बराच वेळ बोललीच नाही.
मग म्हणाली, वाळल्या पानाला आमी हात नाय लावत.
माझी सासू बोलायची, घडी घातलेलं पान म्हंजे कुणाचं तरी दार.
आज घाई झाली.

परसात केळीचं बन. तिने सोपट फाडलं,
त्याने ते पान दुसऱ्या केळीला बांधलं, तोंड खाली करून,
बाळाच्या टोपडीची गाठ बांधावी तसं, सैल.
दुसरं कुठंय? विचारलं तिने.
दुसरं?
कदी कदी दोन असतात गं एका पानात.

मला माहीत नव्हतं. मी एकच पाहिलं होतं.
अंधारात मी तो खुंट आठवत राहिले,
सर्व्हिस लिफ्ट, सुतळी, फरशीवरून झाडलेला केर.
यसूबाईने तोडलेल्या बुंध्याकडे तोंड केलं, कान दिला.
मीही दिला.
खाली घोडबंदरचा उजेड, वर तिच्या घरातला टीव्ही,
मधे कुणी हाका मारत असेल तर
आम्हाला ऐकू येणं शक्य नव्हतं.

निघताना पानात डोकावले.
रिकामं होतं.